कुणाचंच वावर नाही, सगळ्यांचा वावर

मागच्या पावसाळ्याच्या शेवटी नाचणगावच्या शिवारात एक बाई गवत कापताना भेटली. पदर कमरेला खोचलेला, हातात विळा, बाजूला अर्धवट बांधलेला भारा. मी विचारलं, "काकू, हे वावर कोणाचं?" तिनं मान वर न करता सांगितलं, "कोनाचं नाही भाऊ, झुडपी आहे." विळ्याचे दोन हात आणखी चालले आणि मग ती म्हणाली, "कोनाचंच नाही म्हनून त आमाले भेटते."

आमच्या विदर्भात 'वावर' म्हणजे शेत. पुण्या-मुंबईच्या मराठीत 'वावर' म्हणजे येणं-जाणं, असणं, हिंडणं-फिरणं. हा लेख लिहिताना हे दोन अर्थ सतत एकमेकांत मिसळत राहिले. सातबाऱ्यावर नाव लागलेलं वावर एका कुटुंबाचं असतं. पण गावाच्या कडेला जी जमीन कुणाचंच वावर नसते, तिथे सगळ्यांचा वावर असतो. निदान असायला हवा. गायकी ढोरं घेऊन जातो, बाया सरपणाला जातात, पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं पहाटे धावतात, कुणी दफनाला जातं, कुणी तरोट्याची भाजी खुडायला जातं. अशा जमिनीवर कोणाकोणाला पाऊल ठेवता येतं, आणि ज्याला येत नाही त्याच्यावाचून ती जमीन टिकते का, हे मला या भागात फिरून समजून घ्यायचं होतं.

नाचणगाव वर्धा जिल्ह्यातल्या देवळी तालुक्यात, पुलगावला खेटून आहे. २०११ च्या जनगणनेनं त्याला शहरात मोजलं, कारभार मात्र तेव्हाही ग्रामपंचायतीचाच होता. म्हणजे लोकसंख्या शहराची आणि जमिनीचे प्रश्न गावाचे. पुलगावच्या पश्चिमेला वर्धा नदी वाहते. नदीपलीकडे अमरावती जिल्हा, म्हणजे जुना वऱ्हाड. अलीकडे वर्धा जिल्हा, म्हणजे जुना मध्य प्रांत. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली गेला आणि तिथे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी मोजणी झाली. नागपूरकर भोसल्यांचं राज्य खालसा झाल्यावर अलीकडच्या गावांत मालगुजारी बसली. वर्धा जिल्हा १८६२ मध्ये नागपुरापासून वेगळा निघाला, तेव्हा त्याची कचेरी होती पुलगावजवळच्या कवठ्याला. १८६६ मध्ये ती पालकवाडीला, म्हणजे आजच्या वर्धा शहराच्या जागी गेली. नदी एकच आणि दोन्ही काठांवर काळी माती, बरड, पळस, बोर, हिवर सारखेच. पण पलीकडचा माणूस चराईच्या जमिनीला 'ई-क्लास' म्हणतो आणि अलीकडचा 'झुडपी'. दोन्ही शब्द कचेरीतून आले आणि माणसांच्या तोंडात इतके रुळले, की आता तेच त्या रानाचं नाव झालं आहे.

'झुडपी जंगल' हा शब्द ऐकून बाहेरच्या माणसाला वाटतं, हा जंगलाचाच एखादा प्रकार असेल. मुळात ती महसुली नोंद आहे. जिथे मोठी झाडं वाढत नाहीत, झुडपं आणि गवत आहे, जी गावाच्या गुरांना चरायला लागते, अशी जमीन. मालगुजारीत गावाची पडीत जमीन मालगुजाराच्या नावावर असे, पण तिच्यावरचे गावाचे रिवाज 'वाजिब-उल-अर्ज' नावाच्या कागदात नोंदलेले असत. कोणाची ढोरं कुठून पाण्यावर जातील, वाट कोणती, मासे कोणी धरायचे. १९५१ मध्ये मालगुजारी गेली आणि या जमिनी सरकारकडे आल्या. गावाच्या रोजच्या गरजांसाठी 'निस्तार पत्रक' करायचं ठरलं. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ सालची. तिच्या १६१ व्या कलमात विदर्भापुरता हा निस्तार पत्रकाचा कायदा आजही आहे.

निस्तार पत्रक हातात घेऊन वाचण्यासारखा कागद असतो. अभिलेख कक्षातल्या कापडी बस्त्यातून एखाद्या गावचं पत्रक निघतं, कडा तुटलेल्या, शाई तपकिरी झालेली. त्यात गावाच्या ताबेमुक्त जमिनीची व्यवस्था लिहिलेली असते. चराई कोणत्या अटीवर, सरपण आणि लाकूड किती, मुरूम, रेती, माती, दगड कुठून न्यायचा. सरकारी भाषेतल्या त्या ओळींमागे अख्खं गाव उभं असतं. माती म्हटली की कुंभार आला, चराई म्हटली की गोवारी आणि गवळी, दगड म्हटला की वडार, सरपण म्हटलं की मजुरी करणारी प्रत्येक बाई. कायदा आणखी एक गोष्ट सांगतो: पत्रकाचा मसुदा गावात प्रसिद्ध करायचा, रहिवाशांची इच्छा जाणून घ्यायची आणि मगच जिल्हाधिकाऱ्यानं तो पक्का करायचा. सार्वजनिक जमिनीबद्दल साऱ्या गावाला विचारायचं, हे आपल्या कायद्यात साठ वर्षांपासून लिहिलेलं आहे. ज्यांच्यासाठी हा कागद केला, त्यांतल्या फार थोड्यांनी तो पाहिला आहे, याचं मला वाईट वाटतं.

१२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयानं गोदावर्मन प्रकरणात 'जंगल' या शब्दाचा व्यापक अर्थ लावला आणि झुडपीचं नशीब टांगणीला लागलं. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांत झुडपी नोंदीच्या जमिनीवर तोवर शाळा, कचेऱ्या, स्मशानं, वस्त्या उभ्या राहिल्या होत्या. २२ मे २०२५ रोजी तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठानं निकाल दिला: ही सुमारे ८६ हजार हेक्टर झुडपी जमीन वनजमीनच मानायची. १९९६ च्या आधी झालेली वाटपं केंद्राची मंजुरी घेऊन नियमित करता येतील. नंतरच्या वाटपांबाबत जबाबदार अधिकाऱ्यांवर कारवाई व्हावी. तीन हेक्टरांपेक्षा लहान आणि कुठल्याही वनाला लागून नसलेले तुकडे 'संरक्षित वन' म्हणून जाहीर करायचे.

पर्यावरणाच्या बाजूनं हा निकाल मोलाचा आहे, कारण बिल्डराच्या कागदावर हे तुकडे कधीचे रंगवून ठेवलेले होते. पण गवत कापणाऱ्या त्या काकूंच्या जागी बसून तो वाचला की प्रश्न पडतो. जमीन जंगल ठरली. आता तिचा विळा गुन्हा ठरणार का? तीन हेक्टरांचा एकटा तुकडा, चारी बाजूंनी वावरं, एका वनरक्षकाकडे असे किती तुकडे असणार? तो रोज कुठे कुठे जाणार? तिथे रोज जाणारी माणसं आधीपासूनच आहेत. ती राखणदार ठरतील की चोर, एवढंच ठरायचं बाकी आहे.

इथे महाडची आठवण येणं अपरिहार्य आहे. 'सार्वजनिक' या मराठी शब्दाला त्याचा खरा अर्थ तिथे मिळाला. सी. के. बोले यांनी मांडलेला, सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या करण्याचा ठराव मुंबई कायदेमंडळानं ४ ऑगस्ट १९२३ रोजी मंजूर केला. महाड नगरपालिकेनं १९२४ मध्ये आपलं तळं खुलं केलं. कागदावर तळं सगळ्यांचं झालं. प्रत्यक्षात ते सगळ्यांचं होण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो लोकांसह चवदार तळ्यापर्यंत चालत जाऊन ओंजळभर पाणी घ्यावं लागलं. ठराव आणि ओंजळ यांच्यात जवळजवळ चार वर्षं गेली. आज जंगल, गायरान, माळ, नदीकाठ यांबद्दल 'लोकसहभाग' असा शब्द परिपत्रकात येतो तेव्हा मी हेच अंतर मोजू लागतो.

गावाची सामाईक जमीन पूर्वी सगळ्यांची होती आणि सगळं गोड होतं, असं लिहायचा मोह मी टाळतो. तसं नव्हतं. त्या जमिनीवरही गावकुसाच्या आतल्यांची वाट वेगळी आणि बाहेरच्यांची वेगळी होती. मेलेलं ढोर ओढायची आणि सोलायची जागा गावात ठरलेली असे, आणि ती कोणी करायची हेही जन्मानं ठरलेलं असे. ज्याला पाणवठ्यावर मज्जाव होता, त्याला गायरानावर मोकळीक होती ती मेलेल्या जनावरापुरती. म्हणूनच भूमिहीन दलितांनी गायरानाकडे चराईपेक्षा पोट भरणारं वावर म्हणून पाहिलं, यात नवल नाही. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये मराठवाडा, नाशिक आणि खानदेशात, आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये देशभर भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, लाखो माणसं तुरुंगात गेली. पडीत जमीन कसणाऱ्याला द्या, ही त्यांची मागणी होती. पुढे राज्य सरकारनं १४ एप्रिल १९९० पर्यंतची दलित-आदिवासी भूमिहीनांची अतिक्रमणं नियमित करण्याचा निर्णय घेतला, आणि बाबासाहेबांच्या जन्मशताब्दी वर्षाच्या आरंभाची ती तारीख आजही खेडोपाडी तोंडपाठ आहे. त्या निर्णयाचा सातबारा अजून हातात न पडलेली कुटुंबंही आहेत. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं गायरानावरच्या अतिक्रमणांचा प्रश्न हाती घेतला आणि गावोगाव नोटिसा निघाल्या, तेव्हा सर्वांत आधी तीच घाबरली.

गायरान वाचवा म्हणणाऱ्यांनी २८ जानेवारी २०११ चा जगपालसिंग खटल्याचा निकाल पूर्ण वाचावा, असं मला कळकळीनं वाटतं. सामाईक जमिनी बळकावणाऱ्यांना हटवा, असं त्यात सर्वोच्च न्यायालयानं ठणकावून सांगितलं आहे. पण त्याच निकालात अपवादही लिहिला आहे: सरकारी आदेशानं भूमिहीन मजुरांना, अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांना दिलेली जमीन, आणि जिथे आधीच शाळा किंवा दवाखाना आहे ती जमीन. शंभर एकर गिळणारा आणि दोन एकर कसणारा यांना एका नोटिशीत बसवू नका, असं न्यायालय सांगत होतं. अतिक्रमणाच्या नोटिसा काढणाऱ्यांच्या आणि त्यावर टाळ्या वाजवणाऱ्यांच्या नजरेतून ही ओळ नेहमी सुटते.

आता गायकीकडे येतो. विदर्भात गावाची ढोरं सकाळी जिथे जमतात त्या जागेला 'आखर' म्हणतात. गावातून एकेक गाय-म्हैस सुटून आखरावर येते, कळप पुरा झाला की गायकी त्यांना रानात नेतो आणि दिवस कलताना परत आणतो. पूर्व विदर्भात हे काम पिढ्यान्‌पिढ्या गोवारी समाजानं केलं. दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, गायगोधन असतं. गाईंची शिंगं रंगवलेली, गळ्यात माळा, गोवारी मोरपिसं लावलेली ढाल घेऊन बासरी वाजवत नाचत येतात, घरोघरचा बोजारा घेतात आणि कळप गोधनावरून नेला जातो. वर्षातून एक दिवस गावाच्या मध्यभागी गायकीचा मान असतो. बाकीचे दिवस तो रानात असतो. रानातला पाणवठा कधी आटतो, कुठलं गवत कधी खाऊ घालायचं, कुठल्या झुडपाखाली घोरपड राहते, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपूरला विधानभवनावर गोवारी समाजाचा मोर्चा गेला आणि चेंगराचेंगरीत ११४ माणसं गेली. मागणी अनुसूचित जमातीच्या दाखल्याची होती. ढोरं चारणाऱ्या समाजाची ओळख कुठल्या कागदात बसते, हा प्रश्न घेऊन ती माणसं आली होती. २०२० च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं त्यांची बाजू अमान्य केली.

नदीकाठच्या एका गावातल्या म्हाताऱ्या गायक्याला मी विचारलं, "बाबाजी, आता ढोरं नेत नाही का?" तो म्हणाला, "आखरच नाही राह्यला, त मंग ढोरं जमवाचे कुठी? आन्‌ जमवले, त न्याचे कुठी?" त्याच्या बोलण्यात राग नव्हता. तो हातातल्या काठीच्या टोकानं मातीत रेघा ओढून मला दाखवत होता: हा आखर, ही पांदण, हा नाला, ही बरडी. पांदण दोन्हीकडच्या धुऱ्यांनी खाल्ली, नाला सरळ केला, बरडीला चर खणून तार लावली. त्याच्या नकाशातली एकेक रेघ तो पायानं पुसत होता.

वर्धा जिल्ह्याच्या उत्तरेला, आर्वी, आष्टी, कारंजा (घाडगे), सेलू या तालुक्यांत नंदागवळी समाज आहे, आणि त्यांनी जपलेली गवळाऊ गाय. पांढरी, चपळ, काटक. दूध बेताचं पण बैल धावणारा. मराठ्यांच्या फौजेत सामान ओढायला या बैलांना मागणी होती. गवळाऊच्या पैदाशीसाठी कारंजा तालुक्यात हेटीकुंडीला सरकारी केंद्र आहे. पण ही जात गोठ्यात बांधून टिकत नाही. ती रानात फिरून, डोंगरउतारावरचं गवत खाऊन घडलेली आहे. याच भागातलं बोरचं अभयारण्य १९७० चं. २०१४ मध्ये ते व्याघ्र प्रकल्प झालं. गाभा क्षेत्र अवघं १३८ चौरस किलोमीटर, देशातल्या सर्वांत लहान व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. वाघ राहायलाच हवा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण जिप्सीत बसून आलेल्या पाहुण्याला ज्या फाटकातून पैसे भरून आत सोडतात, त्याच फाटकावर गवळ्याला अडवतात, तेव्हा जंगल कोणाचं हा प्रश्न त्याच्या पोरांना वेगळ्या तऱ्हेनं कळतो. ज्या रानात आजोबांना झाडाझाडाची नावं ठाऊक होती, तिथे नातवाला गाईड म्हणूनही जाता येत नसेल, तर तो आग लागल्यावर धावत कशासाठी येईल?

फासेपारध्यांची गोष्ट मला या सगळ्यात सर्वांत शिकवणारी वाटते. त्यांच्या एका बेड्यावर, म्हणजे वस्तीवर, मी फासा हातात घेऊन पाहिला होता. बांबूच्या बारीक खुंट्या, प्रत्येकीला दोरीचा एकेक फास, सगळ्या एका लांब दोरीत ओवलेल्या. गवतात तितराच्या पायवाटेवर ही ओळ रोवायची, आणि तितराचा आवाज तोंडानं काढायचा. ती वाट पाहायला गेलो तर माझ्या डोळ्यांना नुसतं गवत दिसत होतं. शेजारचा दहा-बारा वर्षांचा पोरगा मात्र बोटानं दाखवत होता: इथून गेला, इथे बसला, इथे माती उकरली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याची नजर पारध्यांवर पडली ती पुढे कित्येक पिढ्या हटली नाही. तो कायदा १९५२ मध्ये गेला. 'विमुक्त' हा शब्द मिळाला. पोलिसाची आणि गावाची नजर मात्र तशीच राहिली.

वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा (लाड) इथे कौस्तुभ पांढरीपांडे यांच्या 'संवेदना' संस्थेनं अकोला-वाशीम भागातल्या फासेपारध्यांसोबत तणमोराचा शोध सुरू केला. तणमोर हा माळढोकाच्या कुळातला लहान पक्षी. पावसाळ्यात नर उंच गवतातून दिवसाला शेकडो वेळा उडी मारतो, एक क्षण हवेत पंख फडफडवतो आणि पुन्हा गवतात पडतो. पक्ष्यांचा अभ्यासक त्या एका क्षणासाठी दुर्बीण लावून बसतो. पारधी गवताच्या हलण्यावरून सांगतो. जगभरात हा पक्षी आता अतिसंकटग्रस्त यादीत आहे आणि त्याची वीण ज्या मोजक्या भागांत होते त्यांत आपला हा पश्चिम विदर्भाचा भाग येतो. तो राहतो कुठे? ई-क्लासवर. जिला आपण 'पडीत' म्हणतो तिच्यावर. वडाळ्यासारख्या गावच्या पारध्यांनी शिकार सोडली, गवताळ तुकडे राखायला घेतले, कुठे चरायचं आणि कुठे नाही हे आपसात ठरवलं. ज्यांच्याकडे सगळे शिकारी म्हणून बोट दाखवत होते, त्यांनी राखण हाती घेतली आणि मगच त्या गवताला भाव आला.

गवताबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. पवन्या, मारवेल, कुसळ, तिखाडी ही नावं शहरातल्या वाचकाला पुसट झाली असतील. माळावर पावलापावलाला गवत वेगळं असतं. मारवेल गुरांना गोड, कुसळ कोवळेपणी चालतं पण पिकल्यावर तोंडात टोचतं, तिखाडीला गुरं तोंड लावत नाहीत पण तिचं तेल निघतं. गवताळ रानात झाडं कमी असतात म्हणून त्याला उजाड समजायचं आणि तिथे खड्डे खणून गिरिपुष्प लावायचं, हे वर्षानुवर्षं चाललं आहे. लावलेल्या रोपांची मोजणी होते, गेलेल्या गवताची होत नाही. आता सौर ऊर्जेच्या योजनांसाठी सरकारी जमिनी शोधल्या जात आहेत. शेतीला दिवसा वीज हवी, हे खरंच आहे. पण नकाशावर रिकामा दिसणारा तुकडा आधी तिथल्या गायकीला, पारध्याला, गवत कापणाऱ्या बाईला विचारून भरावा. तिथे काय आहे हे त्यांनाच सांगता येतं.

मोकळ्या रानाची ओढ पोटापलीकडचीही असते, हे सांगायला जरा लांबून येतो. पुलगावला कापडगिरणी उभी राहिली ती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोचली होती, आणि या खोऱ्यातला कापूस, हिंगणघाटची बनी, मुंबईमार्गे लँकेशायरला जात होता. त्याच लँकेशायरच्या कडेला, मँचेस्टरच्या गिरण्या आणि कारखान्यांतले शेकडो कामगार २४ एप्रिल १९३२ रोजी किंडर स्काउट नावाच्या डोंगरावर चढले. डोंगर जमीनदारांचा, शिकारीसाठी राखलेला, कामगाराला बंदी. रखवालदारांशी झटापट झाली, पाच जणांना तुरुंगवास झाला. १९५१ मध्ये तोच परिसर ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झाला. इंग्लंड-वेल्समधल्या डोंगर-माळांवर चालण्याचा हक्क मात्र कायद्यानं मिळायला २००० साल उजाडावं लागलं. आठवड्याच्या सुट्टीला मोकळी हवा मिळावी म्हणून ती माणसं तुरुंगात गेली. आपल्याकडे मोकळ्या जमिनीचा प्रश्न पोटाचा म्हणून मांडला जातो आणि आनंदाचा भाग निसटतो. गायकीला रानात पोट सांभाळायचं असतं, पण दुपारी पळसाखाली पडून पावा वाजवणंही त्यालाच माहीत असतं. झाडाखाली बसून डबा खाणाऱ्या निंदणीच्या बाया, बोरं वेचणारी पोरं, नाल्यात डुंबणारी म्हैस आणि तिच्या पाठीवरचा पोरगा. रानाचा आनंद घ्यायला यांना कोणी शिकवलेलं नाही.

सरकारी जमीन आणि सार्वजनिक जमीन यांतला फरकही पुलगावला सोप्या रीतीनं कळतो. इथे लष्कराचं केंद्रीय दारूगोळा भांडार आहे. त्या कुंपणाच्या आत कोणी जाऊ नये हे योग्यच. २०१६ च्या मे अखेरीस तिथे लागलेल्या आगीत जवान आणि अग्निशमनचे लोक गेले, आसपासची गावं रातोरात रिकामी करावी लागली. २०१८ च्या नोव्हेंबरात जुना दारूगोळा नष्ट करताना सोनेगाव (आबाजी) जवळ स्फोट झाला आणि सहा जण मृत्युमुखी पडले. त्यांत मजुरीला गेलेले गावकरी होते. ती जमीन सरकारची आहे. झुडपी जमीन सरकारनं सांभाळायची, पण ती लोकांची आहे. महसुली कागदात दोन्हीकडे 'सरकार' हाच शब्द लिहिलेला असतो आणि त्यामुळे घोळ होतो.

मग मार्ग कुठे आहे? गडचिरोलीत धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावानं तो दाखवला. देवाजी तोफा, मोहन हिराबाई हिरालाल आणि गावचा अभ्यासगट यांनी वर्षानुवर्षं एक साधं काम केलं: बसून समजून घ्यायचं, आणि सगळ्यांचं एकमत होईपर्यंत निर्णय करायचा नाही. २००६ चा वनहक्क कायदा आल्यावर २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशातल्या पहिल्या गावांपैकी हे एक. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये हजार हेक्टरांवर हक्क मिळाला. तिथल्या ग्रामसभेनं ठरवलं की तेंदूपान तोडायचं नाही, कारण त्यासाठी झाडं छाटली जातात आणि रानाला आग लावली जाते. हातातलं उत्पन्न सोडून बांबू नियमानं काढायचा. काही जंगल देवासाठी अस्पर्श ठेवायचं. हा निर्णय कोणी वरून लादला असता तर लोकांनी एका उन्हाळ्यात मोडला असता. अमरावतीच्या पायविहीरला १९२ हेक्टर उजाड रान मिळालं. तिथल्या लोकांनी ते राखलं, त्यातली सीताफळं मुंबईच्या बाजारात गेली, आणि २०१४ मध्ये गावाला जैवविविधतेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

ही तिन्ही गावं मुख्यतः आदिवासी आणि एकसंध आहेत. नाचणगाव तसं नाही. इथे बौद्ध वस्ती आहे, मुसलमान आहेत, तेली-कुणबी-माळी आहेत, गिरणी आणि भांडाराच्या आसऱ्यानं आलेली कुटुंबं आहेत. एवढ्या मिश्र गावात एकमत कसं होणार, असा प्रश्न लोक विचारतात. मला वाटतं, कायद्यात दार आहे, आपण ते ढकलून पाहिलेलं नाही. वनहक्क कायदा 'निस्तार' हा शब्द नाव घेऊन मान्य करतो. चराई आणि भटक्या पशुपालकांचा हंगामी वापरही मान्य करतो. आदिवासी नसलेल्यांना मात्र तीन पिढ्यांचा, ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो, आणि गोवारी, नंदागवळी, बलुतेदार इथेच अडतात. पण पुरावा म्हणून काय चालतं ते नियमांत दिलेलं आहे: गॅझेटियर, बंदोबस्ताचे अहवाल, जुने हक्कनोंदीचे कागद. म्हणजे तहसिलीत धूळ खात पडलेलं निस्तार पत्रक आणि त्याआधीचं वाजिब-उल-अर्ज. सर्वोच्च न्यायालयानं झुडपीला वन म्हटलं, तर वनावरचा हक्क मागण्याचं दारही तिथेच उघडलं, असा मी त्याचा अर्थ लावतो. वकिलांनी यावर वाद घालावा. पण गावांनी दावा तरी दाखल करावा.

दावा करण्यासाठी ग्रामसभेनं वनहक्क समिती निवडायची असते आणि तिच्यात किमान एक तृतीयांश बाया असायलाच हव्यात. महाराष्ट्रात ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते. ती बहुतेक ठिकाणी सहीपुरती होते. या एका विषयावर ती खरोखर घ्यावी, आणि घ्यायची तर भर दुपारी कचेरीत नको. बाया रानातून परततात त्या वेळी, बरडीच्याच कडेला, भारे उतरवून घ्यावी. कुठलं गवत कमी झालं, कुठे बाभूळ माजली, कुठल्या नाल्यात पाणी राहत नाही, हे सगळं तिथे अर्ध्या तासात निघेल. पारध्यांचा बेडा गावाच्या हद्दीबाहेर असला तरी त्यांना बोलवावं. ज्यांच्या कब्रस्तानाची वाट झुडपीतून जाते त्यांना बोलवावं. पहाटे धावणाऱ्या पोरांनाही बोलवावं. धावपट्टी हवी हा त्यांचाही हक्क आहे, आणि जिथे रोज धावतात तिथे रात्री कोणी मुरूम उपसतो हे सर्वांत आधी त्यांनाच दिसतं.

त्या काकूंचा भारा तोवर बांधून झाला होता. दोरी म्हणून तिनं गवताचीच वेणी वळली होती. मी हात लावून भारा डोक्यावर चढवून दिला. वाटेत तिनं सहज सांगितलं, की त्या तुकड्याच्या मधोमध ती कधी कापत नाही. मी कारण विचारलं. "तिथी टिटवीचे अंडे असते ना," ती म्हणाली. "आमी समद्या बाया कडेकडेनंच कापतो." हे कोणी ठरवलं, असं विचारलं तर ती थोडी गोंधळली, आणि म्हणाली, "आमीच."